अभंगातला डास: गाडीत प्लेअर नीट वाजावा म्हणून

"गाण्यात डास शिरलाय," बाबा म्हणाले. आम्ही कोथरूडहून निघून चांदणी चौकाच्या चढाला लागलो होतो. त्यांच्या प्लेअरवर अभंग चालू होता आणि त्याच्यामागून एक बारीक कुंईईई ऐकू येत होतं. अॅक्सिलरेटर दाबला की डास वरच्या पट्टीत जायचा, पाय काढला की खाली उतरायचा. पिरंगुटला चहाला थांबलो. निघताना मी प्लेअरची चार्जिंगची वायर उपसली, गाडी सुरू केली, आणि डास गायब.

बाबांचा प्लेअर काडेपेटीपेक्षा जरासा मोठा, आत १६ जीबीचं कार्ड. साध्या एमपी-थ्री दर्जाची गाणी त्यात पावणेतीनशे तास मावतात. पुणे-कोल्हापूर पाच तासांचं धरलं, तर सत्तावीस वेळा जाऊन-येऊन झालं तरी एक गाणं दुसऱ्यांदा लागायला नको. फोनवर गाणी ऐकायला त्यांची तयारी नाही, कारण ऐन तानेत कर्ज देणाऱ्या बाईचा फोन येतो. मला हा पूर्वी हट्ट वाटायचा. आता नाही वाटत. पण प्लेअर असो की फोन, गाडीत तो विनातक्रार वाजवायचा तर गाडीच्या पोटात काय चाललंय ते थोडं माहीत हवं. बिघाड त्या बिचाऱ्या प्लेअरमध्ये फार क्वचित असतो. तो असतो गाडीच्या विजेत, वायरीत, नाहीतर गाण्यांच्या फाइलीत.

बारा व्होल्ट हे नुसतं नाव

गाडीत बारा व्होल्टची वीज असते असं आपण म्हणतो. प्रत्यक्षात ती बाराला कधीच स्थिर नसते. गाडी उभी असताना धडधाकट बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. इंजिन सुरू झालं की अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून वीज बनवणारं यंत्र, तिला चार्ज करायला लागतो आणि आकडा साडेतेरा ते साडेचौदावर जातो. आणि सेल्फ मारता त्या क्षणी स्टार्टर मोटर शंभर-दोनशे अँपिअर ओढून घेते, तेव्हा हाच आकडा धाडकन दहाच्या आसपास येतो. बॅटरी म्हातारी असेल तर त्याच्याही खाली.

शिवाय बऱ्याच गाड्यांत किल्ली स्टार्टला फिरवली की लायटरच्या सॉकेटची वीज तेवढ्यापुरती मुद्दामच तोडलेली असते, म्हणजे सगळा जोर सेल्फला मिळावा. आपल्याला दिसतं ते एवढंच, की गाडी सुरू केली आणि प्लेअर बंद पडून पुन्हा पहिल्या गाण्यावर गेला. प्लेअरची स्वतःची बॅटरी बरी असेल तर तो हा झटका पचवतो. बॅटरी गेलेली असेल आणि तो चार्जरच्या जिवावरच चालत असेल, तर दर वेळी मरून जिवंत होतो. उपाय अगदी साधा आहे: आधी गाडी सुरू करायची, मग चार्जर खोचायचा. सिग्नलला गाडी बंद करणाऱ्या काटकसरी मंडळींना हे दर चौकात करावं लागेल, त्याला माझा इलाज नाही.

आता चार्जरचं काम बघा. त्याला चौदा व्होल्ट मिळतात आणि प्लेअरला हवेत पाच. मधल्या नऊ व्होल्टचं करायचं काय? एक पद्धत अशी, की ते उष्णता करून उडवून टाकायचे. एक अँपिअर करंट असेल तर नऊ वॅट, म्हणजे घरातल्या एका एलईडी दिव्याची सगळी वीज अंगठ्याएवढ्या डबीत नुसती तापायला वापरायची. टाकी भरून वाहायला लागली म्हणून जादा पाणी गटारात सोडण्यातला हा प्रकार. म्हणून बहुतेक चार्जर दुसरी पद्धत वापरतात. आतला स्विच सेकंदाला लाखभर वेळा किंवा त्याहून जास्त उघडझाप करतो आणि एक छोटं कॉइल आणि कपॅसिटर मिळून त्या तुकड्यांची सरासरी पाच व्होल्ट करतात. वीज फारशी वाया जात नाही, चार्जरही फार तापत नाही.

मात्र एवढी उघडझाप करणारी वस्तू छोटासा रेडिओ ट्रान्समीटरही होऊन बसते. तो गोंगाट गाळायला आणखी दोन-चार सुटे भाग लागतात, आणि शंभर रुपयांत चार्जर द्यायचा तर नेमके तेच गाळले जातात. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत मी एकदा तीन चार्जर मागून घेतले आणि कोणता चांगला म्हणून विचारलं. दुकानदार म्हणाले, "साहेब, चालतात सगळे." चालतात हे खरंच. पण घरच्या घरी एक परीक्षा घेता येते. गाडीचा रेडिओ लावा, मुद्दाम एखादं क्षीण ऐकू येणारं स्टेशन धरा आणि मग चार्जर खोचा. खरखर एकदम वाढली तर तो चार्जर पुढच्या सिग्नलला फुलं विकणाऱ्या पोरालासुद्धा देऊ नका. माझ्या तिघांतले दोन असेच निघाले.

सॉकेटबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. ते मुळात सिगारेट पेटवायच्या लायटरसाठी होतं. लायटर क्षणभर आत राहायचा, तापला की उडी मारून बाहेर यायचा. पाच-पाच तास एखादी पिन घट्ट धरून ठेवावी हे त्या भोकाचं शिक्षणच नाही. म्हणून खड्ड्यात चार्जर हळूच अर्धा सेंटिमीटर मागे सरकतो, त्याचा दिवा लुकलुकतो आणि आपण वायर बदलत बसतो. चार्जरच्या दोन्ही बाजूंच्या पत्र्याच्या स्प्रिंगा जरा बाहेर ओढल्या तर बहुतेक वेळा काम होतं. हे चार्जर गाडीतून काढून हातात घेतल्यावर करायचं, सॉकेटमध्ये स्क्रूड्रायव्हर घालून नव्हे. तिथे फ्यूज उडायला क्षण पुरतो.

लक्ष्मी रस्ता तुंबला की

आता तो डास. तो समजला की गाडीतल्या निम्म्या कटकटी समजतात, म्हणून इथे जरा वेळ काढू.

घरात प्रत्येक उपकरणाला जायला एक वायर आणि परत यायला एक वायर असते. गाडीत कंपन्या परतीच्या वायरीचा खर्च वाचवतात. वीज बॅटरीतून वायरीने जाते आणि परत येते ती गाडीच्या पत्र्यातून, म्हणजे बॉडीतून. हेडलाइट, वायपर, पंखा, काचा, सगळ्यांची वीज याच पत्र्यातून घरी परतते. मेकॅनिक ज्याला 'अर्थ' म्हणतात तो हा. पण पत्रा म्हणजे आदर्श वाहक नव्हे. सांधे आहेत, गंज आहे, सैल नटबोल्ट आहेत. त्यामुळे पत्र्याच्या या टोकाला आणि त्या टोकाला थोडासा, काही हजारांश व्होल्टचा फरक राहतोच.

स्टिरिओ पत्र्याला एका ठिकाणी जोडलेला असतो, लायटरचं सॉकेट दुसऱ्या ठिकाणी. नुसता प्लेअर ऑक्स वायरीने, म्हणजे हेडफोनच्या भोकातून गाणं स्टिरिओत नेणाऱ्या वायरीने, स्टिरिओला लावला तर काही बिघडत नाही. नुसता चार्जरला लावला तरी नाही. दोन्ही एकदम लावले, की चार्जिंगच्या वायरीची उणे बाजू आणि ऑक्स वायरीचं बाहेरचं वेष्टण प्लेअरच्या पोटात एकमेकांना भेटतात आणि एक पूर्ण वर्तुळ तयार होतं. पत्र्यातून परतणाऱ्या विजेला नवी वाट मिळते.

गणपतीच्या दिवसांत लक्ष्मी रस्ता तुंबला की लोक दुचाक्या बोळात घालतात. बोळात राहणाऱ्यांचा काही दोष नसतो, पण खिडकीतून हॉर्न त्यांनाच ऐकू येतात. ऑक्सची वायर म्हणजे तो बोळ. तिच्यातून फक्त गाणं जायचं होतं, आता गाडीची थोडी वीजही जाते. स्टिरिओचा अॅम्प्लिफायर भेदभाव करत नाही, तो दोन्ही मोठं करून स्पीकरला देतो.

मग डास चढतो-उतरतो का? कारण अल्टरनेटर थेट इंजिनच्या पट्ट्यावर फिरतो. तो मुळात तीन फेजची एसी, म्हणजे दिशा बदलत राहणारी वीज बनवतो आणि आतले डायोड तिची डीसी, म्हणजे एकाच दिशेची करतात, पण पुरती सपाट नाही, वर थोडे तरंग शिल्लक राहतात. इंजिन जितकं जोरात, तितके तरंग दाट. ते सेकंदाला काहीशे ते काही हजार पडतात, म्हणजे अगदी आपल्या कानांच्या टप्प्यात. चांदणी चौकाच्या चढाला गिअर उतरवला की इंजिन ओरडतं आणि डासही. आवाज इंजिनाबरोबर चढत असेल तर डोळे मिटून समजा, की हेच आहे. आवाज तसाच राहत असेल तर चार्जरचा गोंगाट असू शकतो.

यावर सगळ्यात स्वस्त आणि माझ्या मते सगळ्यात चांगला उपाय म्हणजे वर्तुळ होऊच न देणं. प्लेअर रात्री घरी चार्ज करा आणि गाडीत फक्त ऑक्स वायर लावा. बाबांचा प्लेअर एका चार्जवर दहा-बारा तास सहज चालतो, कोकणात पोहोचून जेवून झालं तरी उरतो. फोनचं मात्र तसं नाही. नकाशा चालू, पडदा चालू, गाणी चालू, मग चार्जिंग लागतंच. त्यातही जुन्या गाड्यांचा यूएसबी पोर्ट अर्धा अँपिअर म्हणजे अडीच वॅटच देतो. चार्जिंगचं चिन्ह दिसत राहतं आणि बॅटरीचा आकडा खाली सरकत राहतो.

चार्जिंग आणि ऑक्स दोन्ही हवंच असेल तर 'ग्राउंड लूप आयसोलेटर' नावाची डबी मिळते. ती ऑक्सच्या वायरीत मधे बसते. आत दोन चिमुकले ट्रान्सफॉर्मर असतात, डाव्या आवाजाला एक, उजव्याला एक. गाणं या गुंडाळीतून त्या गुंडाळीत चुंबकाने उडी मारून जातं, धातूचा धातूला संबंध राहत नाही, बोळाला भिंत घातल्यासारखं. मी ती आणली. डास गेला. मग बाबा दोन मिनिटं शांत ऐकत राहिले आणि म्हणाले, "डास गेला, पण तबलजीचा डावा हातही गेला." त्यांचा कान बरोबर होता. स्वस्त डबीतला ट्रान्सफॉर्मर इतका छोटा असतो की खर्जाचे आवाज त्याला पेलत नाहीत, डग्गा पातळ होतो. बातम्या किंवा कथाकथन ऐकणाऱ्यांना कळणारही नाही.

एक फसवा उपायही सांगून ठेवतो. ऑक्समध्ये खोचायचे छोटे ब्लूटूथ रिसीव्हर मिळतात. वायर गेली म्हणजे डास गेला असं वाटतं. पण तो रिसीव्हर लायटरच्या चार्जरवर चालवला, की वर्तुळ पुन्हा जसंच्या तसं तयार, फक्त प्लेअरच्या जागी रिसीव्हर.

गायक कुठे गेला?

ऑक्सची पिन दिसते साधी, पण तिच्यावर काळ्या किंवा पांढऱ्या रेघांनी पाडलेले भाग असतात. तीन भागांची पिन म्हणजे डावा, उजवा आणि सामाईक अर्थ. चार भाग असतील तर माइक वाढलेला. पिन पुरती आत गेली नाही, किंवा फोनच्या जाड कव्हरला अडली, की सामाईक अर्थ टेकत नाही. मग एक मजेशीर गोष्ट होते. स्पीकरला डावा आणि उजवा यांच्यातला फरक तेवढा मिळतो. गायकाचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये दोन्हीकडे सारखा ठेवलेला असतो, त्यामुळे फरक काढला की तो शून्य होतो. पेटी वाजते, टाळ वाजतात, लांबून घुमल्यासारखं काहीतरी येतं आणि बुवा गायब. अनेकजण यावरून स्पीकर बदलायला निघतात. पिन दाबून बघा, कव्हर काढून बघा.

आवाजाची पातळी कुठे ठेवायची याबद्दल: प्लेअरचा आवाज ऐंशी टक्क्यांच्या वर ठेवा आणि कमी-जास्त गाडीच्या बटणावर करा. उलटं केलं, म्हणजे प्लेअर बारीक आणि गाडी मोठी, की गाण्याबरोबर वायरीतला सगळा कचराही मोठा होतो.

पेनड्राइव्हचा स्वतःचा क्रम

वायरींचा वैताग आलेले लोक पेनड्राइव्हकडे वळतात, आणि ते शहाणपणाचं आहे. गाणं आकड्यांच्या रूपात थेट स्टिरिओत जातं, डास शिरायला जागाच नाही. तक्रारी येतात त्या वेगळ्या.

पहिली, "पेनड्राइव्ह दिसतच नाही." बऱ्याच गाड्यांचे स्टिरिओ फक्त फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला पेनड्राइव्ह वाचतात. मोठे, ६४ जीबीपासून पुढचे पेनड्राइव्ह बहुधा एक्सफॅट या वेगळ्या पद्धतीचे असतात, आणि विंडोजची नेहमीची फॉरमॅटची खिडकी वर्षानुवर्षं ३२ जीबीच्या वर फॅट-३२ चा पर्यायच दाखवत नव्हती. म्हणून गाडीसाठी १६ किंवा ३२ जीबीचाच घ्या. मोठा घेऊन तरी एवढं ऐकणार कोण?

दुसरी तक्रार बाबांची: "मी भूपाळी आधी टाकली होती, ही भैरवी पहिली कशी लागली?" स्टिरिओ गाणी अक्षरानुक्रमे लावेल असं आपण धरून चालतो. अनेक स्टिरिओ तसं करतच नाहीत. पेनड्राइव्हवर फायलींची एक यादी असते, तिच्यात जी नोंद आधी झाली ते गाणं आधी. आणि पाचशे गाणी निवडून एकदम ओढून टाकली तर कॉम्प्युटर ती आपल्या मर्जीने लिहितो. भैरवी मैफिलीच्या शेवटी असते हे त्याला कोण सांगणार? म्हणून नावांच्या आधी ००१, ००२ असे आकडे घाला, पेनड्राइव्ह रिकामा करा आणि एक फोल्डर पूर्ण झाल्यावर दुसरा, असे क्रमाने कॉपी करा. मधे एखादं गाणं पुसून नवं टाकलंत तर ते नवं गाणं जुन्या रिकाम्या नोंदीत जाऊन बसू शकतं, म्हणजे पुन्हा गोंधळ. पुसून सगळं नव्याने भरणं सोपं. गाण्यांची नावं देवनागरीत असतील आणि पडद्यावर नुसते चौकोन दिसत असतील तर गाण्यात खोट नाही, त्या स्टिरिओत आपली अक्षरंच भरलेली नाहीत.

फोन यूएसबीने लावला आणि गाडीला गाणी दिसली नाहीत तर त्याचंही कारण आहे. जुना प्लेअर जोडला की तो स्वतःला पेनड्राइव्ह म्हणवतो, आजचा अँड्रॉइड फोन तसं करत नाही, तो वेगळी भाषा बोलतो. किंवा वायरच नुसती चार्जिंगची असते. यूएसबीच्या वायरीत दोन तारा विजेच्या आणि दोन माहितीच्या. काही स्वस्त वायरींत माहितीच्या तारा घातलेल्याच नसतात. अँड्रॉइड ऑटो, म्हणजे फोन गाडीच्या पडद्यावर आणणारी सोय, चालत नाही म्हणून सर्व्हिस सेंटरला जाण्याआधी फोनबरोबर डब्यात आलेली वायर लावून बघा.

ब्लूटूथबद्दल थोडक्यात. ते सेकंदाला सोळाशे वेळा चॅनेल बदलतं, त्यामुळे बाहेरचा अडथळा सहसा लागत नाही. भांडण माणसांचं असतं. गाडीत तीन फोन आधी जोडलेले असतात आणि किल्ली फिरवली की जो पहिला हाक देईल तो आत. मुलीचा फोन मागच्या सीटवरून येऊन अभंगाच्या जागी भलतंच सुरू करतो. निघण्याआधी नको त्या फोनचं ब्लूटूथ बंद करा आणि स्टिरिओतले जुने, विकून टाकलेले फोन पुसा, कारण त्याची आठवण मोजक्याच फोनांची असते.

आणि तो एफएम ट्रान्समीटर, जो गाणं रेडिओच्या एखाद्या रिकाम्या जागेवर सोडतो. ज्या गाडीत ऑक्स नाही, यूएसबी नाही, तिथेच घ्यावा. पुण्यात ९१.१, ९३.५, ९८.३, आकाशवाणीचं १०१, विद्यापीठाचं १०७.४ असे खुंटे आधीच रोवलेले आहेत. मधली रिकामी जागा शोधली तरी द्रुतगती मार्गाने पनवेलच्या बाजूला उतरलात की मुंबईची स्टेशनं येतात, आणि एफएमचा रिसीव्हर दोघांतलं जोरकस असेल तेच उचलतो. खंडाळ्यापर्यंत अभंग आणि खाली उतरल्यावर जाहिरात.

ताम्हिणी आणि एप्रिल

आमच्या त्या प्रवासात मुळशी मागे पडल्यावर माझा फोन मुका झाला. ताम्हिणीत बराच पट्टा नेटवर्क नसतंच आणि मी गाणी ऑनलाइन ऐकत होतो. अॅप पुढची दोन-तीन मिनिटं भरून ठेवतं, घाट त्याहून मोठा आहे. बाबांनी एक शब्द न बोलता आपला प्लेअर पुढे केला. गाणी आधी उतरवून ठेवणं हाच याला उपाय, आणि त्यातही मेख अशी की उतरवलेली गाणी भाड्याची असतात. स्पॉटिफायसारखं अॅप तीस दिवसांत एकदा तरी इंटरनेटला जोडलं नाही तर ती वाजत नाहीत. निघायच्या आदल्या रात्री फोन विमान मोडवर टाकून एक गाणं लावून बघितलं की खात्री होते.

उन्हाबद्दल मात्र मी कडक आहे. लिथियमच्या बॅटरीला ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये. एप्रिलमध्ये पुण्यात सावलीत चाळीस असतं, काचा लावून उन्हात ठेवलेल्या गाडीत तासाभरात त्यावर वीसेक अंश सहज चढतात आणि डॅशबोर्ड तर हात टेकवू देत नाही. तिथे ठेवलेला प्लेअर त्या दिवशी फुटणार नाही, पण त्याची बॅटरी दर उन्हाळ्यात थोडी थोडी मरेल, आणि मग तो चार्जरशिवाय चालेनासा होईल. म्हणजे पुन्हा वायर, पुन्हा डास. उतरताना खिशात टाका. तापलेला असेल तर आधी गाडी थंड होऊ द्या, मग चार्जिंग. आणि चालू गाडीत गाणं बदलायला फोन हातात घेऊ नका. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर धोकादायक ड्रायव्हिंगच्या कलमात हे येतं आणि पहिल्याच वेळी दंड हजारापासून पाच हजारांपर्यंत आहे.

तरी रस्त्यात आवाज आलाच, तर शोधायची पद्धत अशी. आधी चार्जर काढा. आवाज गेला तर वर्तुळ किंवा चार्जर. नाही गेला तर ऑक्सची पिन प्लेअरच्या बाजूने काढा, स्टिरिओच्या बाजूला राहू द्या. आता गेला तर दोष प्लेअरच्या बाजूचा, त्याचं भोक काडीने साफ करून बघा, खिशातला बोळा निघतो. तरीही नाही गेला तर वायर दोन्हीकडून काढा. एवढं करूनही मोकळा स्टिरिओ इंजिनाबरोबर गुणगुणत असेल, तर त्याच्या मागची अर्थची वायर सैल झालेली असण्याची शक्यता मोठी, आणि ते काम रस्त्यात करायचं नाही, ऑटो इलेक्ट्रिशियनकडे डॅशबोर्ड उघडून करायचं.